रंगवलेले पाट

९ जून

देणगीवाल्या कंपनीची (पुढे नुसतं कं.) मेल आली. पहिल्या दोन ओळींत आपलं कौतुक, म्हणजे तिसऱ्या ओळीत काहीतरी वाईट असणार हे कळलंच. दुसरा हप्ता थांबवलाय. कारण काय, तर रोह्याजवळच्या वरशाच्या शेडमधल्या बायकांच्या मूर्तींना "मागणी असल्याचा पुरावा" नाही. ऑर्डर बुक, आगाऊ रकमेच्या पावत्या, ग्राहकांची यादी. हे पाठवा, मग बघू.

चार बायका, भाड्याची पत्र्याची शेड, शाडूची माती. आणि ऑर्डर बुक!

ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "धाटावच्या कारखान्यांत पिंपं मोजतात, तसे गणपती मोजायचे असतील." मला हसू आलं नाही. आमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे पेणच्या रामवाडीतली मेडिकलच्या वरची एक खोली आणि मी. चित्रकला शिकवून निवृत्त झाले तेव्हा सुखानं घरी बसायचं होतं. कुठून ही बुद्धी सुचली.

१२ जून

वरशाला जाऊन आले. एसटी नागोठण्याला अर्धा तास उभी, का ते ड्रायव्हरलाही माहीत नाही.

शेडचे मालक दत्ताशेठ वाटच बघत होते. धाटावच्या शिफ्टवाल्यांच्या मोटरसायकली दुरुस्त करणारा एक जण शेड मागतोय, वर्षाचं भाडं एकदम द्यायला तयार आहे. "बाई, तुमच्याकडे बघून मी ऑगस्ट संपेपर्यंत थांबतो. नंतर मला काय बोलू नका." माणूस वाईट नाही, हाच त्रास आहे. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

जनाबाई माती मळत होत्या. सासऱ्यांकडून शिकल्या, बाकी तिघी त्यांच्याकडून शिकल्या. साठी उलटली तरी हात असा की बोटाच्या एका वळणात सोंड. शेडचं सांगितलं.

"माझं काय, मी ओटीवर चार-पाच करीन. पावसात तिथं जास्त वाळत नायत. पन ह्या तिघींचं काय ते बघा तुमी."

मंदा मान खाली घालून उंदीर करत होती. शेड गेली तर ती कंपनीत झाडू मारायला जाणार, हे तिनं मागेच सांगितलंय.

१८ जून

पावतीपुस्तकं छापून घेतली. प्रत्येक पावतीवर मूर्तीचा प्रकार, उंची, आगाऊ रक्कम, सही. पुरावा पाहिजे ना, घ्या पुरावा.

२७ जून

आषाढ लागला, घरोघरचे गणपतीचे पाट यायला लागले. आज सहा आले. आपलाही मीच नेऊन ठेवला. ह्यांचा गुडघा धरलाय, एसटीत चढवत नाही. ह्यांचं मूळ घर रोह्याचं, त्यामुळे पाट जायचा तो जनाबाईंच्या सासऱ्यांकडेच, आता जनाबाईंकडे. घराबाहेर पडलं की पेणमध्ये हजारो गणपती, आणि आम्ही पाट घेऊन रोह्याला निघतो, म्हणून नणंद दर वर्षी हसते.

पावतीपुस्तकाचा मात्र पार फज्जा. पहिलेच गृहस्थ, पाट ठेवला, त्यावर सुपारी ठेवली, निघाले. मी पावती पुढे केली.

"ही कशाला?"

"तुम्ही ऑर्डर दिलीत त्याची."

"ऑर्डर कसली, बाई? माझा पाट हाय ना तिथं." आणि जनाबाईंकडे बघून, "काय गो जना, आता माझ्यावर इस्वास नाय काय?"

जनाबाईंनी माझ्या हातून पुस्तक काढून घेतलं आणि मडक्यावर झाकण म्हणून ठेवलं. पैशाचं बोलणं गणपती न्यायच्या दिवशी. आधी काढायचं नाही. नंतर मला हळूच म्हणाल्या, "त्याचा बा पन ह्योच पाट आनायचा."

२ जुलै

रागारागात मॅडमना मोठी मेल लिहिली. (श्रुती मॅडम, कं.च्या सीएसआरच्या. मुंबईत बसतात. बोलायला गोड, हे कबूल करायला हवं.) लिहिलं की आमच्याकडे घरोघरचा पाट ठरलेला असतो. तो पाट कारागिराकडे पोचला की गणपती सांगितला गेला. त्याच पाटावर मूर्ती घडते, त्याच पाटावरून घरी जाते, विसर्जनानंतर पाट धुऊन पुन्हा माळ्यावर. भिंतीला लावलेले पाट हेच आमचं ऑर्डर बुक. सोबत फोटो.

दुपारी फोन आला. "मॅम, कन्सेप्ट इतका सुंदर आहे! पण फोटोत फक्त जुनी लाकडं दिसतायत. वरच्या लोकांना कसं कळणार? काही नंबर, काही युनिफॉर्म लुक, आमचा लोगो..." सोळा तारखेला स्वतः येतायत, बरोबर वरचे दोन साहेब. बघून खूश झाले तर हप्ता महिन्याभरात.

म्हणजे मान्य आहे! पाट मान्य आहेत! संध्याकाळी ह्यांना गोड शिरा केला.

५ जुलै

दुसरी वाट असावी म्हणून पेणच्या एका मोठ्या मूर्ती-कारखानदाराकडे गेले. एकेकाळचा माझाच विद्यार्थी. चहा दिला, पाया पडला. म्हणाला, "बाई, तुमच्या बायकांना रंगकामाला पाठवा की. टेम्पो लावतो. नगावर पैसे." आणि जनाबाई? "त्या वयाच्या बाईला स्प्रे नाही जमणार."

चूक काही बोलला नाही. तरी चहा अर्धा टाकून उठले. पेणचं नाव काढलं की देणगीदार म्हणतात, पेणच्या कारागिरांना कसली मदत, ते तर परदेशात माल पाठवतात. रोह्याचं म्हटलं की म्हणतात, तिथे धाटाव आहे, कंपन्या देतील. आम्ही मधल्या मध्ये.

८ जुलै

जनाबाईंचे दीर वारले. दहा दिवस सुतक. शेडमध्ये पाऊल टाकणार नाहीत, मातीला, पाटाला हात लावणार नाहीत. सोळाला साहेब येणार आणि जनाबाईच नाहीत. मरणालासुद्धा मुहूर्त... नको. असं लिहू नये.

१२ जुलै

आज बरंच काम उरकलं. चॉकलेटी तेलरंगाचे दोन डबे घेऊन गेले. बेचाळीस पाट जमलेत. कुणाला काजळी, कुणाला तेलाचे थर, कुणावर खडूनं नाव, कुणावर काहीच नाही. सोड्याच्या पाण्यानं सगळे घासून धुतले, पंख्याखाली वाळवले. मग रंग. त्यावर पांढऱ्यानं नंबर, आणि कोपऱ्यात स्टेन्सिलनं कं.चं बोधचिन्ह. इतक्या वर्षांनी ब्रश हातात धरला, मजा वाटली खरी. आपलाही त्यातच रंगला असणार, लक्ष नव्हतं.

खालच्या बाजू भराभर रंगवता रंगवता मंदा मध्येच म्हणाली, "बाई, काकूंना इचारायला हवं होतं काय?"

"त्यांना सुतकात कशाला त्रास? आल्या की नंबरासमोर नावं सांगतील, मी यादी करीन."

भिंतीला ओळीनं लावले. शाळेतल्या गणवेशातली पोरं उभी असावीत तसे दिसत होते. फार बरं वाटलं.

१६ जुलै

साहेब आले. पाट बघितले आणि तिघांनी एकदम फोटो काढायला सुरुवात केली. "एक्सलंट. सिस्टिमॅटिक." मॅडमनी माझा हात दाबला. मंदाला साहेबांनी विचारलं, तुम्ही बेनिफिशरी का? ती म्हणाली, "नाय, मी मंदा."

हप्ता येणार. आता नक्की येणार.

१९ जुलै

जनाबाई आज आल्या.

दारात उभ्या राहिल्या. मग एकेका पाटासमोर जाऊन थांबल्या. मी वही-पेन घेऊन तयार. म्हटलं, एकपासून सांगा नावं.

"बाई, ह्यो कुनाचा?"

"ते तुम्ही सांगायचं ना."

"मला काय म्हाईत?"

मला आधी वाटलं चिडून बोलतायत. त्या चिडल्या नव्हत्याच. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग एकेक सांगायला लागल्या, तेव्हा मी वही मिटली. खडूची नावं त्या कधी बघतच नाहीत, ती पुसली जातात. त्या लाकूड बघतात. डाग बघतात. एका पाटाला जळल्याचा डाग, म्हणजे त्याच्यावर लोडाला टेकलेला. एकाला शेंदराचे थर, म्हणजे उजव्या सोंडेचा, सोवळ्यातला. एकावर मांडीवर बाळकृष्ण असलेला, कारण त्या घरी तीन पिढ्या तसाच. कुणी येऊन सांगत नाही, आम्हाला कुठला हवा. पाटच सांगतो. ते सगळं मी सोड्यानं घासलं आणि वर तेलरंग लावला.

चित्रकलेची शिक्षिका मी. पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी नीट बघा, मग रंग लावा.

एक फोन केला असता. सुतकात पाटाला हात लावायला चालत नाही, बोलायला चालतं.

"आनि तेलरंगावर माती धरत नाय, बाई," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

२१ जुलै

जनाबाईंनी पाट उलटे करून, हातानं चाचपून अठरा ओळखले. खालून रंग पातळ लागला होता म्हणून. मंदाची घाई कामाला आली. उरले चोवीस. नावांची यादी नाही, फोन नंबर नाहीत, कधी लागलेच नव्हते. आता जनाबाईंना आठवतील त्या घरी जाऊन सांगायचं, या आणि आपला पाट ओळखा. काय तोंडानं सांगायचं, ते मी ठरवायचं.

२५ जुलै

चार दिवस पायाचे तुकडे. मी आणि मंदा. वरसे, अष्टमी, पलीकडच्या दोन वाड्या. लोक आधी घाबरतात, देवाचं काही विपरीत झालं का म्हणून. मग चिडतात. एका म्हाताऱ्या बाईंनी पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या ना गो?"

अष्टमीचे आजोबा काठी टेकत आले. पाट एकेक करून फरशीवर ठेवत गेले, कोपऱ्यावर बोट दाबत गेले. नवव्याला थांबले. "ह्यो डुगडुगतो. ह्यो माझा." तीन मिनिटं लागली असतील.

वाडीतल्या एका बाईंनी कडेवरून वीत फिरवली आणि एका जागी बोट ठेवलं. नवऱ्यानं कोयता आपटला होता त्याची खाच. नवरा आता नाही. पदरानं तेवढीच जागा पुसली.

आणि पावती न घेतलेले ते पहिले गृहस्थ. त्यांनी पाट पाचव्या मिनिटाला शोधला, कोपऱ्यातलं बोधचिन्ह बघितलं. "गनपती माझा का कंपनीचा?" पाट काखेत मारला आणि गेले. ते बघून आणखी तिघं आपापले पाट घेऊन गेले. पेणहून तयार आणणार म्हणे. जनाबाई दारापर्यंत गेल्या. तिथूनच मागं फिरल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची घरं ही.

रात्रभर... जाऊ दे.

३० जुलै

चौघी आणि मी, पॉलिश पेपर घेऊन खरवडतोय. तेलरंग लावायला एक दिवस लागला, काढायला संपत नाही. नखांत चॉकलेटी रंग बसलाय. कं.चं बोधचिन्ह निघायला सगळ्यात जड. दोन हात मारले होते ना मी त्याला, उठून दिसावं म्हणून.

जनाबाई खरवडता खरवडता म्हणाल्या, "रंग चांगला आनलात पन. लवकर सुटत नाय." मंदा फिसकन हसली. मग मीही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

रंग निघाला तसे आणखी काही डाग वर आले. रोज कुणीतरी येऊन आपला घेऊन बसतं, घरचा गणपती कसा ते सांगतं, जनाबाई ऐकतात आणि माती चढवायला घेतात.

४ ऑगस्ट

मॅडमची मेल. "गुड न्यूज!" हप्ता मंजूर. फक्त एक छोटी गोष्ट. अठरा तारखेला वार्षिक अहवालासाठी फोटोग्राफर येणार, पाट "त्या दिवशी होते तसेच" ठेवावेत. फोटो झाले की लगेच पैसे.

दोनदा वाचली. मग हसू यायला लागलं, मग रडू. हे स्वयंपाकघरातून विचारत होते काय झालं. काय सांगू? पैसे आलेत, पण पाट पुन्हा घाण करावे लागतील?

दत्ताशेठना फोन केला. म्हणाले, "बाई, गॅरेजवाला रोज येतोय." ऑगस्ट संपायला किती दिवस राहिले, ते मलाही कळतं.

६ ऑगस्ट

वाटलं, निम्मे रंगवू. फक्त पुढच्या ओळीचे. नवीन फळ्या आणून त्याच रंगवू, खऱ्यांना हात नको. फोटोत कुणाला कळतंय. सुतारालाही विचारून ठेवलं.

जनाबाईंना सांगितलं. त्या एका मूर्तीच्या पापण्या आखत होत्या, ब्रश उचलला नाही.

"कुनाचे पाट म्हनून दावनार तुमी ते?"

"कुणाचेच नाहीत."

"मंग मागनी कुनाची?"

मला एवढा राग आला! शेड कुणासाठी वाचवतेय मी? माझ्या घरात पाणी गळत नाही. माझी मूर्ती वाळायची राहिलेली नाही. एवढं तोंडावर बोलून टाकलं. बोलल्यावर मंदाचा चेहरा दिसला.

जनाबाईंनी पापणी पूर्ण केली. ब्रश धुतला. "तुमी करा तुमाला वाटतं ते, बाई. शेड पायजे, मी नाय म्हनत नाय." हे भांडणापेक्षा वाईट.

८ ऑगस्ट

सुताराला नको म्हणून कळवलं. का, ते त्यानं विचारलं.

९ ऑगस्ट

शेडमध्ये भिंतीला दोनच पाट राहिले. बाकी सगळ्यांवर माती चढली.

"एक त्या मुंबईवाल्या घरचा, गनपतीपुरतं येतात ते," जनाबाई म्हणाल्या. "मंदीनं शेजाऱ्यांकडनं नंबर घेऊन फोन केलेला. ते म्हनाले, कुठलाही द्या, आमाला काय कळतंय. दुसरा तुमचा. कुठला त्यो तुमी सांगा."

मी दोन्ही पुढे ओढले. सारख्याच उंचीचे, दोन्ही सागाचे, दोन्हींच्या कडांना अजून चॉकलेटी रंगाची रेघ. उलटे करून बघितले. फरशीवर ठेवून डुगडुगवले. कडेवरून वीत फिरवली. अष्टमीचे आजोबा करत होते तसं सगळं केलं. मंदा आणि बाकीच्या दोघी बघत होत्या.

लग्न होऊन आले तेव्हापासून दर वर्षी विसर्जनानंतर हा पाट मीच धुते, मीच पुसते, मीच माळ्यावर ठेवते.

"तुम्हाला माहीत असेल ना," मी म्हटलं.

"तुमच्याकडला मी बसलेला करते, मूषक डावीकडं. पाट डोळ्यासमोर आला की हात आपसूक चालायचा. आता नाय कळत, बाई. खरंच नाय कळत."

टोमणा असता तर सोसला असता. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, घरी घेऊन जा, मास्तरांना (म्हणजे ह्यांना) दाखवा. उद्या माती चढली नाही तर मूर्ती वाळणार नाही.

दोन्ही पाट जुन्या साडीत बांधून एसटीनं आणले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दोन-दोन गणपती?"

ह्यांनी चष्मा लावला. मग चष्मा काढून हात फिरवला. बराच वेळ. म्हणाले, "आई असती तर... मला नाही ग सांगता येत. पुसतेस तर तूच दर वर्षी."

चहा करून मॅडमना मेल लिहायला बसले. लिहिलं, की सोळा जुलैला तुम्ही पाहिलंत ते ऑर्डर बुक नव्हतं, ऑर्डर बुक मी त्याच्या आधी चार दिवस पुसून टाकलं होतं. पाट आता खरवडले आहेत, पुन्हा रंगवणार नाही. मागणीचा पुरावा विचारला होतात, तर बेचाळीसांपैकी चाळीस पाट ओळखले गेले, काही नुसत्या बोटानं. दोन राहिले. एका घराला फरक पडत नाही. दुसरं घर माझं.

फोटोग्राफरला तरीही पाठवा, असं शेवटी लिहिलं. मग ते खोडलं. मग परत लिहिलं. अजून पाठवलेली नाही. पाठवली तर शेड जाईल बहुतेक, आणि नाही पाठवली तर अठराला काय दाखवू?

पाट समोर भिंतीला टेकवून ठेवलेत. सकाळी सहाच्या गाडीला यांतला एक मला आपला म्हणून न्यायचाय.